धंद्यासाठी लिंक्डइनवर कोणाला जोडून घ्यावं? सल्ला हवा आहे

शब्दवेल:
नमस्कार मंडळी. मी यंत्रांच्या वापरपुस्तिका लिहून देते. यंत्र कसं बसवायचं, कसं चालवायचं, बंद पडलं तर आधी काय बघायचं, हे सगळं आकृत्यांसकट. आजवरची कामं ओळखीपाळखीतूनच आली. आता लिंक्डइनकडे नीट लक्ष द्यायचं ठरवलं आहे आणि पहिल्याच पायरीवर अडले आहे.

मला विनंत्या येतात त्या माझ्यासारख्याच लेखकांच्या, नोकरी शोधणाऱ्यांच्या आणि 'तुमचा व्यवसाय दुप्पट करून देतो' म्हणणाऱ्यांच्या. मी पाठवते त्या यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या मॅनेजिंग डायरेक्टरांना, आणि तिकडून काहीच हालचाल नसते. मग कोणाला विनंती पाठवावी? आलेली प्रत्येक विनंती स्वीकारावी का? फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच करायचं का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

दशमान:
सरसकट सगळ्यांना घ्या. लिंक्डइनवर ३०,००० पर्यंत माणसं जोडता येतात, एवढी जागा सहसा कोणाची भरत नाही. तुमच्या ओळखीचे जितके जास्त, तितके त्यांच्या ओळखीचे तुमच्या आवाक्यात. कोणी शोध घेतला तर तुमचं नाव वर यायची शक्यताही वाढते. गाळत बसण्यात वेळ घालवू नका.

सुतारपक्षी:
दशमान यांच्याशी असहमत. शब्दवेल, मी तुमच्या गिऱ्हाइकाच्या बाजूचा माणूस आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीत विक्रीनंतरची सेवा बघतो. त्यामुळे आमच्या आत काय चालतं तेवढं सांगतो, त्यावरून तुम्हीच ठरवा.

पुस्तिका वाईट असली की तिचा त्रास मॅनेजिंग डायरेक्टरांपर्यंत पोचतच नाही. तो माझ्या टेबलावर येतो. गिऱ्हाइकाचा ऑपरेटर फोन करतो, 'पट्टा किती ताणायचा?' पुस्तिकेत लिहिलेलं असतं, 'पट्टा योग्य प्रमाणात ताणावा.' योग्य म्हणजे किती, बोटाने दाबल्यावर किती मिलिमीटर खाली जायला हवा, हे कुठेच नाही. मग माझा तंत्रज्ञ फोनवर समजावत बसतो, नाहीतर प्रत्यक्ष जातो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून तोच प्रश्न. चांगल्या पुस्तिकेची किंमत आमच्या खात्याला सगळ्यात आधी कळते, कारण ती नसली की भुर्दंड आम्हालाच पडतो.

दुसरा त्रासलेला माणूस म्हणजे डिझाइन इंजिनीअर. यंत्र पाठवायची तारीख तोंडावर आली की 'तेवढी पुस्तिका लिहून टाक' असं त्याला सांगतात. त्याला लिहायला आवडत नाही, वेळही नसतो, मग जुन्या यंत्राची फाइल उघडून नाव बदलतो. हे काम कोणी अंगावर घेणारं आहे हे समजलं तर तो स्वतःहून वरिष्ठांकडे तुमचं नाव काढेल.

खरेदी विभागाच्या मागे मात्र लागू नका. त्यांच्याकडे गोष्ट पोचते तेव्हा काय हवं हे आधीच ठरलेलं असतं, ते फक्त दर ताडून बघतात. तुमचं नाव त्या आधी कोणाच्या तरी तोंडी यायला हवं.

आणि एक वर्ग बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे यंत्रांच्या सीई चिन्हासाठी (युरोपचे नियम पाळल्याची खूण) सल्ला देणारे. युरोपात यंत्र विकायचं तर ते जिथे जाणार त्या देशाच्या अधिकृत भाषेत सूचना द्याव्याच लागतात, युरोपीय संघाच्या आजच्या २००६/४२/ईसी या निर्देशात तशी अट आहे. २०२७ च्या जानेवारीपासून त्याची जागा २०२३/१२३० हा नवा नियम घेतोय. 'तुमची पुस्तिका चालणार नाही' हे कंपनीला पहिल्यांदा हाच सल्लागार सांगतो, आणि लगोलग त्यालाच प्रश्न येतो, 'मग लिहून कोण देईल?' असा एक माणूस जोडलेला असणं शंभर मॅनेजिंग डायरेक्टरांपेक्षा मोलाचं आहे.

थोडक्यात, पदनाम बघू नका. तुम्ही जी अडचण सोडवता ती या माणसासमोर किती वेळा येते, ते बघा. प्रोफाइल उघडा, त्याने अलीकडे काय लिहिलंय, कुठे प्रतिक्रिया दिल्यात ते वाचा. वर्षभर फिरकलाच नसेल तर पद कितीही मोठं असो, विनंती तशीच पडून राहणार.

शब्दवेल:
सुतारपक्षी, मनापासून आभार. सीई सल्लागार माझ्या डोक्यातच आले नव्हते. विनंतीबरोबर काही लिहावं का? आणि तुमच्यासारख्या माणसाने काय वाचलं की होकार द्यावासा वाटतो?

सुतारपक्षी:
जरूर लिहा, पण बेताने. फुकटच्या खात्याला महिन्याला मोजक्याच विनंत्यांसोबत टिपण जोडता येतं, तेही २०० अक्षरांच्या आत. त्यामुळे ते खऱ्या महत्त्वाच्या माणसांसाठी राखून ठेवा. मला आवडलेलं टिपण साधारण असं होतं: 'सुटे भाग चुकीचे मागवले जातात यावरचं तुमचं लिखाण वाचलं. मी यंत्रांच्या पुस्तिका लिहिते, भागांच्या आकृत्यांत हाच घोळ पाहते. संपर्कात राहायला आवडेल.' बस. यात काही विकलेलं नाही, पण बाई काय करतात ते कळलं आणि माझं लिखाण वाचलंय हेही कळलं.

होकार आल्याच्या दुसऱ्या मिनिटाला माहितीपत्रक पाठवणारे मी लगेच काढून टाकतो. काढलं हे समोरच्याला कळवलं जात नाही, म्हणून अशा लोकांना वाटत राहतं की आपली यादी वाढतेय.

अबोली:
चांगला धागा. मी समाजशास्त्र शिकवते, म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू मांडते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून कळलं त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८ टक्के. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी लांबच्या वर्तुळातून येते.

२०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात लिंक्डइनवरच्याच प्रयोगांचा अभ्यास आला, तब्बल २ कोटी लोकांचा, ५ वर्षांचा. त्यात एक बारकावा दिसला. ओळख जितकी विरळ तितकी उपयोगी, असं सरळ नाही. बेताच्या विरळ ओळखी सगळ्यात उपयोगी पडल्या. दोघांच्या ओळखीची काही माणसं आहेत पण एकमेकांशी रोजचा संबंध नाही, अशा. अगदीच परका माणूस तितका कामाचा ठरला नाही.

हे दोन्ही अभ्यास नोकरीबद्दल आहेत, पण कामं मिळवणाऱ्याला तेच कारण लागू पडतं असं माझं मत आहे. म्हणून शब्दवेल, सुतारपक्षी म्हणतात त्या लोकांकडे थेट जाण्याआधी तुमची जुनी यादी काढा. ज्यांच्यासाठी पूर्वी काम केलंत आणि ज्यांनी नंतर कंपनी बदलली, ते इंजिनीअर आज कुठे आहेत? त्यांना तुमचं काम माहीत आहे, आणि त्यांचं आजचं वर्तुळ तुमच्यासाठी नवं आहे. मी तिथूनच सुरुवात केली असती.

कडबाकुट्टी:
+१ अबोली. जुन्या गिऱ्हाइकांची यादी म्हणजे घरात पुरून ठेवलेला हंडा, आणि आपण दारोदार फिरतो.

आता 'सरसकट सगळ्यांना घ्या'बद्दल. यात धोका आहे. लिंक्डइनवर तुमच्याशी जोडलेल्या माणसाला तुमची बाकीची यादी चाळता येते, तुम्ही सेटिंगमध्ये बंद केली नसेल तर. म्हणजे स्पर्धकाला जोडलंत की तुमची गिऱ्हाइकं त्याच्यासमोर ओळीने मांडलेली. 'कनेक्शन्स कोणाला दिसावेत' ही सेटिंग आजच 'फक्त मला' करा. तरीही दोघांच्या ओळखीची माणसं दोघांनाही दिसत राहतात, ते थांबवता येत नाही. ईमेल पत्ता कोणाला दिसतो तेही त्याच वेळी तपासा.

खोट्या खात्यांचाही सुळसुळाट आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना संगणकाने बनवलेले चेहरे लावलेली हजाराहून जास्त लिंक्डइन खाती सापडली होती. त्यातली बरीचशी विक्रीसाठीच वापरली जात होती. अनोळखी विनंती आली की प्रोफाइलमधलं 'अबाउट धिस प्रोफाइल' उघडा. खातं कधी काढलं ते तिथे दिसतं. वीस वर्षांचा अनुभव लिहिलाय आणि खातं मागच्या महिन्यातलं, तर मी हात लावत नाही.

ज्यांचं लिखाण वाचायचंय पण ओळख नाही, त्यांना नुसतं फॉलो करा. एक्सवर तर खाजगी यादी करून त्यात स्पर्धकांना टाकता येतं, फॉलोही करावं लागत नाही आणि त्यांना कळतही नाही.

शब्दवेल:
सेटिंग बदलली, उघडीच होती! पण मग माझ्याच क्षेत्रातल्या लेखकांचं काय करू? स्पर्धक म्हणून सगळ्यांना नकार द्यायला जीवावर येतं.

अबोली:
नकार कशाला? त्यातही फरक करा. कोणी वैद्यकीय उपकरणांवर लिहितं, कोणी शेतीच्या अवजारांवर, कोणी तुमच्या पुस्तिकांचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करतं. हे शेजारी आहेत. त्यांच्या हाती न बसणारं काम ते तुमच्याकडे पाठवतील, तुम्ही त्यांच्याकडे. त्यांना आनंदाने घ्या. त्याच प्रकारच्या यंत्रांवर, त्याच कंपन्यांसाठी लिहिणाऱ्याच्या बाबतीत विचार करा. आणि नोकरी शोधणाऱ्या नवख्यांना घ्याच असं मी म्हणेन, ते उद्या कुठल्या तरी कंपनीत पुस्तिकांचं काम बघणार आहेत. अडल्या वेळी दिलेलं उत्तर माणसं विसरत नाहीत.

दशमान:
मुद्दे पटले. माझा अनुभव थेट लोकांना वस्तू विकण्याचा आहे, तिथे गिऱ्हाईक कोणीही असू शकतं म्हणून संख्या कामाला येते. शब्दवेल यांच्या कामात गिऱ्हाइकंच मोजकी, तिथे गाळणी हवी हे मान्य.

फेसबुकबद्दल: तिथल्या खाजगी खात्याला ५,००० मित्रांची मर्यादा आहे. धंद्याची माणसं त्यात कोंबू नका, वेगळं पेज काढा. तुमच्या कामाला मात्र त्या पेजचा फारसा उपयोग होईल असं वाटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. तेव्हा ती फक्त चालू गिऱ्हाइकांसाठी.

शब्दवेल:
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. आधी जुन्या इंजिनीअरांना शोधते, मग सीई सल्लागार. शेवटची शंका: मॅनेजिंग डायरेक्टरांना पाठवलेल्या त्या जुन्या विनंत्या तशाच राहू द्याव्यात का?

कडबाकुट्टी:
मागे घ्या. 'सेंट'मध्ये (पाठवलेल्या विनंत्यांच्या यादीत) जाऊन एकेक काढता येते. मात्र एकदा मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. यादीत कोणी सेवा विभागाचं किंवा डिझाइनचं असेल तर त्यांना वगळून बाकीच्या काढा.