जज डेथला पुढच्या ड्रेडपटात लगेच आणावं का?

उत्तररात्र:
२०१२चा 'ड्रेड' परवा पुन्हा पाहिला, म्हणजे भविष्यातल्या शहरात जागच्या जागी न्याय करून शिक्षा देणाऱ्या, कॉमिकमधल्या जज ड्रेडवरचा चित्रपट. तिकीटबारीवर आपटला होता, पण ड्रेड झालेल्या कार्ल अर्बनने शेवटपर्यंत हेल्मेट उतरवलं नाही, एवढ्यासाठीसुद्धा मी त्याला मानतो. पटकथाकार अ‍ॅलेक्स गार्लंडच्या डोक्यात तीन भाग होते आणि डार्क जजेस, म्हणजे दुसऱ्या मितीतून आलेले जज डेथ आणि त्याचे तीन मृत साथीदार, तिसऱ्यात येणार होते. मला वाटतं, मालिका पुन्हा सुरू झाली तर जज डेथ दुसऱ्याच भागात यावा. गुन्हे जिवंत माणसंच करतात, म्हणून जगणं हाच गुन्हा, असा त्याचा हिशेब. हा ड्रेडचाच कायदा आहे, टोकाला नेलेला. म्हणून तर त्याची भीती वाटते.

मृणाल_वि:
मला नाही पटत. त्या चित्रपटात खलनायिका मा-मा अंगावर आली ती माणूस म्हणून. दोनशे मजल्यांची इमारत, एक अमली पदार्थ, एक बाई, बास. त्यात दुसऱ्या मितीतलं प्रेत आणलंत की सगळा धाक जाईल. कॉमिकचा चित्रकार बोलंड, त्याच्या काळ्या शाईत डेथ भयंकर दिसतो, पडद्यावर तो रबरी मुखवटा वाटेल. आणि घाईचं म्हणाल, तर १९९५च्या ड्रेडपटात रिको, एंजल टोळी हे कॉमिकमधले खलनायक आणि भलत्याच कॉमिकमधला यंत्रमानव एकत्र कोंबले होते. काय हाती लागलं?

जुना_वाचक:
मृणालताईंशी सहमत. दुसऱ्या भागासाठी खलनायक तयार आहे: जज कॅल, १९७८-७९च्या कथेतला. न्यायाधीशांवर नजर ठेवणाऱ्या पथकाचा हा प्रमुख स्वतःच मुख्य न्यायाधीश होतो, एका माशाला आपला उपप्रमुख नेमतो आणि शेवटी अख्ख्या शहराला वर्णानुक्रमे देहदंड सुनावतो. उत्तररात्र, तुमचा डेथ जिथे पोचतो तिथेच हा पोचतो. भूतबित लागत नाही, सही-शिक्का पुरतो. मला तरी हे जास्त भयानक वाटतं.

उत्तररात्र:
वर्णानुक्रमाचा मुद्दा बिनतोड आहे. कॅल आधी आला तर माझी हरकत नाही. पण 'भूत' म्हणून डेथला मोडीत काढू नका. मृणाल, चित्रपटातली ड्रेडची साथीदार अँडरसन आठवा. ती मनात शिरते, हेल्मेट आड येतं म्हणून घालत नाही. म्हणजे डेथसाठी दार आधीच उघडलंय. १९८०च्या मूळ कथेत तो तिच्या शरीराचा ताबा घेतो, ती त्याला आतच धरून ठेवते आणि दोघांवर मिळून प्लास्टिकचं कवच चढवलं जातं. ती जिवंत, आत तो. यात रबरी मुखवटा किती वेळ लागेल? सगळा प्रसंग तिच्या चेहऱ्यावर चालेल.

मृणाल_वि:
ही कथा मी वाचलेली नव्हती. ताबा घेतल्यावर तो फक्त तिच्या आवाजातून आणि डोळ्यांतून दिसणार असेल, तर मी बघेन. पण बाकीचे तिघं, फिअर, फायर, मॉर्टिस, नकोत. चौघं ओळीने उभे राहिले की दहशत संपली.

जुना_वाचक:
फिअरला राहू द्या हो! त्याच्या हेल्मेटची झडप उघडते तो एक क्षण मला मोठ्या पडद्यावर पाहायचाय.