घरातली उरलेली औषधं, इंजेक्शनच्या सुया, पॅच कुठे टाकायचे? मदत हवी आहे

केतकी_पुणे:
मंडळी, जरा मदत हवीये. सासरे नुकतेच गेले, कॅन्सर होता आणि शुगर तर जुनीच. शेवटी शेवटी सगळं घरीच केलं त्यामुळे त्यांच्या खोलीतलं कपाट म्हणजे छोटं मेडिकल झालंय. इन्सुलिन पेनच्या वापरलेल्या सुयांची हॉर्लिक्सची काचेची बरणी भरलीये, पोटात टोचायची रक्त पातळ ठेवणारी तयार इंजेक्शनं काही वापरलेली काही कोरी, फ्रिजच्या दारात अर्धी इन्सुलिनची बाटली, दुखण्यासाठी लावायचे फेंटानिलचे पॅच, दम्याचे पंप आणि गोळ्या तर विचारूच नका.

मेडिकलवाला म्हणतो अख्खी स्ट्रिप आणि बिल असेल तर बघतो, कापलेली नाही घेणार. सुयांचं नाव काढलं तर हात वर. जिथे ट्रीटमेंट चालू होती तिथे फोन केला तर म्हणे बाहेरचा कचरा घेत नाही. सासूबाई म्हणतात संडासात ओतून मोकळी हो, नवऱ्याला गच्चीवर जाळायचंय. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी ओला-सुका हातानेच निवडतात, त्यांना काही लागलं तर?? म्हणून सगळं तसंच पडून आहे.

सिस्टर_माई:
केतकी, आधी सुयांचं बघ, गोळ्या कुठे पळत नाहीत. काचेची बरणी नको गं, फुटली की मावशींना काचही आणि सुईही. फिनेल नाहीतर लिक्विड डिटर्जंटची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घे, स्क्रूचं झाकण हवं. पाण्याच्या बिसलेरीतून सुई आरपार येते. पाऊण भरली की थांबायचं, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळायची आणि मार्करने ठळक लिहायचं "वापरलेल्या सुया, उघडू नये". बरणीतल्या सुया हाताने वेचू नकोस, आख्खी बरणीच मोठ्या जाड डब्यात बसव. आणि फॅमिली डॉक्टरांना विचार, त्यांच्याकडे दवाखान्याचा कचरा न्यायला वेगळी गाडी येते, ओळखीचा पेशंट असला तर बरेच जण बंद डबा घेतात.

चहाबिस्किट:
आमच्या पप्पांना रोज इन्सुलिन लागतं, आम्ही झाकण परत लावून ओल्या कचऱ्यात टाकतो, चालतं ना?

सिस्टर_माई:
@चहाबिस्किट नाही हो दादा. ते छोटं आतलं झाकण परत लावतानाच बोटात सुई घुसते. पेनची सुई बाहेरच्या मोठ्या झाकणाने फिरवून काढायची आणि सरळ बाटलीत. दुसऱ्याची वापरलेली सुई लागलीच तर जखम पिळत किंवा चोखत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकं लवकर तितकं बरं. हिपॅटायटिस बीचंही तिथेच विचारा.

गोळीवाला_फार्मसिस्ट:
सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे 😄 सरसकट सगळं संडासात नाही, अँटिबायोटिक वगैरे नदीत जाऊन बसतात. पण फेंटानिल अपवाद. केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात 17 औषधांची यादी दिलीये जी घरात ठेवण्यापेक्षा फ्लश केलेली बरी, फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम ही त्यातलीच. वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, लहान मुलाच्या अंगाला चिकटला तर श्वास बंद पडू शकतो. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, फ्लश करा, लगेच हात धुवा. हे आजच करा, घरात नातवंडं असतील तर आत्ताच.

बाकी गोळ्या जाळू नका, तो धूर तुमच्याच घरात येणार. स्ट्रिपवरचं नाव-बॅच मार्करने खोडा म्हणजे कोणी उचलून परत विकणार नाही. अर्धी इन्सुलिन कोणाला देऊ नका, उघडलेली बाटली साधारण 28 दिवसच चालते.

कोथरूडचा_काका:
नियम झालेत बरं का. 2016 च्या घनकचरा नियमांतच एक्स्पायर्ड औषधं, सुया, फुटलेले थर्मामीटर हा घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा धरला होता, तो गोळा करायची सोय पालिकेने करायची होती. कागदावर. तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर (पालिकेच्या सफाई कामगारांचं ठाणं) जाऊन मुकादमाला विचारा, फोनवर कोणी दाद देत नाही. केरळात कोझिकोडला 2025 पासून औषधं परत गोळा करताहेत, आपल्याकडे अजून नोटीस बोर्डच रंगवतोय.

केतकी_पुणे:
माई, काका, गोळीवाले दादा, खूप आभार! पॅचचं आत्ताच केलं. आमचे डॉक्टर सुयांचा डबा घेतो म्हणालेत, सोमवारी दवाखान्याची गाडी येते तेव्हा नेऊन देणार. ती कोरी इंजेक्शनं कोणा गरजूला देता येतील का? आणि पंप राहिलेत.

गोळीवाला_फार्मसिस्ट:
कोरी सीलबंद असतील, तारीख असेल आणि फ्रिजमध्ये गोठली नसतील तर डॉक्टरांनाच दाखवा, ते ठरवतील. स्वतःहून कोणाला देऊ नका, रक्त पातळ करणारं औषध आहे. पंपात गॅस असतो, रिकामा वाटला तरी भोक पाडू नका, जाळू नका, फुटतो. तो गोळ्यांच्याच पिशवीत वेगळा गुंडाळून आरोग्य कोठीवर द्या.