अनुभव धागा: लिहिता लिहिता गेम, गेममधून लिहिणं

सांगलीत आमच्या गल्लीत टीव्हीचा व्हिडिओ गेम एकाच घरी होता. कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं, आत फिरून फिरून तेच पाच-सहा गेम. चालू झाली नाही की काढून फुंकर मारायची. 'कॉन्ट्रा'त तीस जीव मिळवायचा मंत्र (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) मला तेराच्या पाढ्याआधी पाठ होता. आता चाळिशीत दिवाळी अंकांत कथा येतात. कुणी विचारलं, संस्कार कुणाचे, तर दोन थोर नावं घेतो आणि कॉन्ट्रा गिळतो. सातारा-सांगलीकडे असे आणखी कोण आहेत? उपदेश नको, घडलेलं सांगा.

विश्रामबाग, सांगली

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं, हे आमच्याकडे प्रत्येक नाट्यस्पर्धेच्या प्रास्ताविकात ऐकावं लागतं. तर अशा नाट्यपंढरीत माझी पहिली एकांकिका बसत होती आणि खलनायक करणाऱ्या मुलाला घरच्यांनी आठ दिवस आधी अडवलं. बदली माणूस नाही. तालीम सोडून घरी आले आणि रागारागात दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावला.

१९८९ चा गेम तो. जॉर्डन मेकनरने स्वतःच्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. त्यातच मशीनची मेमरी संपत आली. नवा शत्रू काढायला जागा उरेना, तेव्हा राजपुत्राचंच चित्र वापरून त्याची सावली केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो, सावली सुटून पळते आणि पुढे आडवी येते. शेवटी तिच्यावर वार केला तर लागतं आपल्यालाच. तलवार म्यान करायची, मग दोघं एक होतात. मेमरीचं हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! नंतर वाचलं आणि एकटीच हसले.

त्या रात्री संहिता फोडली. खलनायकाची सगळी वाक्यं नायकाला दिली. खांद्यावर घोंगडी घेतली की खलनायक, काढली की नायक. दिग्दर्शक म्हणाला, "पब्लिकला कळणार नाय गं." पब्लिकला कळलं, परीक्षकांना नाही. बक्षीस गेलं. पण तेव्हापासून नवं पात्र आणायच्या आधी मी जुन्याच्याच खांद्यावर घोंगडी टाकून बघते.

कराडजवळ

तुमचं कौतुक चालू द्या, माझं वेगळं आहे. 'स्टारड्यू व्हॅली' म्हणून शेतीचा गेम आहे, २०१६ चा. एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून केलाय, चित्रं, संगीत, संवाद सगळं त्याचंच. मी खेळत बसले. दोन वर्षांत एक कथा लिहून झाली नाही. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "आपल्या रानातली भांगलण राहिलीया आन् तू तितं कुणाच्या वांग्यांना पाणी घालतीस?" उत्तर नव्हतं. अजून नाही.

सातारा, राजवाड्याच्या बाजूला

मी निवृत्त. विम्याचा सर्व्हेअर होतो. जळालेली दुकानं, उलटलेले ट्रक, घाटात गेलेल्या गाड्या यांचे अहवाल लिहिण्यात तीस वर्षं गेली. फावल्या वेळात रहस्यकथा. मुलाने 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' लावून दिला, म्हणाला, "बाबा, यात हिरो तुमच्याच धंद्यातला आहे." खरंच की! साल १८०७, बेपत्ता झालेलं जहाज रिकामं परत येतं आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक पाहणीला चढतो. साठ माणसं, कोण, कशाने, कुणाच्या हातून गेलं, ते वहीत भरायचं. निरीक्षकाजवळच्या जादूच्या घड्याळातून मरणाचा तो एकच क्षण दिसतो, बाकी बूट, टोपी, बोलण्याची ढब यांवरून ताडायचं. आणि तीन जणांचं अचूक जमल्याशिवाय गेम 'बरोबर' म्हणत नाही, त्यामुळे ठोकताळे चालत नाहीत.

हिला वाटलं मी पुन्हा नोकरीला लागलो. दोन आठवडे संध्याकाळचं 'चार भिंती' स्मारकापर्यंतचं फिरणं बंद. नंतर माझ्या कथांची फाइल काढली. प्रत्येक कथेत शेवटची दोन पानं इन्स्पेक्टर उभा राहून सगळं समजावून सांगतोय! अकरा कथांतून ती पानं फाडली. चार कथा त्याशिवायही कळतात. सात कळत नाहीत, म्हणजे त्या मुळातच कच्च्या होत्या.

मिरज

'डिस्को एलिझियम' (२०१९) लिहिणाऱ्या रॉबर्ट कुर्वित्झची आधीची कादंबरी फारशी खपली नव्हती. माझ्या कवितासंग्रहाच्या दोनशे प्रती माळ्यावर आहेत. त्या गेममध्ये नायकाच्या डोक्यात चोवीस आवाज भांडतात. माझ्या डोक्यात एकच, तो म्हणतो माळा साफ कर.

गावभाग, सांगली

२०१९ च्या पुरात तळमजला गेला. कॉम्प्युटर गेला, 'एज ऑफ एम्पायर्स'चे सगळे सेव्ह गेले आणि अर्धी कादंबरीही त्यातच होती. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना धाकटा म्हणाला, "गेम परत पहिल्यापासनं खेळू की, त्यात काय." गेम त्याने खेळला. कादंबरीचं पहिलं प्रकरण मला आठवलं तसं लिहिलं आहे, दुसऱ्यात नायक पुलावर पोचतो एवढंच आठवतंय.