स्ट्रॉबेरीला दोऱ्या फुटल्यात, मुलांसोबत नवीन रोपं कशी करू?

घोडबंदरची आई:
महाबळेश्वरहून येताना स्ट्रॉबेरीचं रोप आणलेलं, ग्रिलमध्ये ठेवलंय, सकाळचं ऊन मस्त येतं. फळं येऊन गेली आणि आता लांब लांब लालसर दोऱ्या फुटल्यात, टोकाला इवलीशी पानं. लेक दुसरीत, धाकटा चार वर्षांचा, दोघांनाही स्वतःचं वेगळं रोप हवंय, लेकीने तर फळावरचे दाणे काढून वाटीत वाळत घातलेत. दोऱ्या कापून पाण्यात ठेवू की दाणे पेरू?

नेरूळकर:
कापू नका अजिबात! त्या दोऱ्या म्हणजे रनर, मुळं धरेपर्यंत टोकाच्या पिल्लाला, म्हणजे छोट्या रोपाला, पाणी त्यातूनच मिळतं. शेजारी भोकं पाडलेला पेपर कप ठेवा, त्यात माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं गांडूळखत. पिल्लू उलटं करून मुलांना दाखवा, खाली बारीक टोकं दिसतील, तीच मुळं होणार. ते मातीवर नुसतं टेकवायचं आणि दोरी केसांच्या पिनेने अडकवायची, हे मुलांनाच करू द्या, छोट्या बोटांना छान जमतं. मधला कोंब मातीत पुरू नका, कुजतो. तीन-चार आठवड्यांनी हळूच ओढून बघा, घट्ट बसलं असेल तरच दोरी कापा.

खारघर टेरेस:
दाणेही पेरा की, लेकीने एवढे जपलेत! फक्त वरून माती घालू नका, उजेड लागतो त्यांना, नुसतं भुरभुरवून पाणी स्प्रे करा. उगवायला बरेच आठवडे जातात आणि फळ आईसारखंच येईल असं नाही, रनरचं मात्र हुबेहूब तेच येतं.

कोपरी, ठाणे पूर्व:
आपल्याकडे खरी कसोटी एप्रिल-मेची. दुपारच्या उन्हातून कप आत घ्या, आणि पावसात कुंडीत पाणी साचू देऊ नका. महाबळेश्वरकडे लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, म्हणजे तुमच्या पिल्लांची फळं पुढच्या थंडीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

घोडबंदरची आई:
थँक्यू सगळ्यांना! आज संध्याकाळीच कप भरतो. एका दोरीवर पहिल्या पिल्लाच्या पुढे अजून एक धरतंय, ते ठेवू का?

नेरूळकर:
पहिलंच ठेवा, ते जास्त दणकट असतं, पुढचं टोक खुडून टाका. आणि एका रोपावर दोन-तीनच पिल्लं ठेवा, नाहीतर मूळ रोप दमतं.