सनरूफ गळतंय आणि शोरूमवाले दाद देत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाडी अजून वॉरंटीत आहे पण पावसाची जोरदार सर आली की आरशाजवळच्या लाइटमधून पाणी टपकतं, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट दाबलं तर पाणी वर येतं आणि आत कुबट वास भरलाय, मुलं मागे बसायला तयार नाहीत. सर्व्हिस सेंटरवाले वरून पाइपने पाणी मारून बघतात, पुसून परत देतात आणि जॉबकार्डवर लिहितात 'प्रॉब्लेम आढळला नाही'. आता म्हणे झाडाची पानं अडकली, वॉरंटीत बसत नाही. अहो, अंधेरीत झाड टाळून पार्किंग कुणाला मिळतं?

सनरूफच्या कोपऱ्यांतून ड्रेन पाइप खाली उतरतात, ते तुंबले किंवा जोडातून निसटले की पाणी छताच्या अस्तरात जातं, मग ते उघडून बघायला काय हरकत आहे? कार्पेटखाली वायरिंग आहे, मला खरी भीती त्याचीच वाटते.

मुंबई-ठाण्यात हे काम नीट करणारा कुणी माहितीये का? बाहेर उघडलं तर वॉरंटीवरून अडवतील का? आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर कंपनी हलते का, की सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जावं? अनुभव असेल तर प्लीज सांगा.