प्रतिसाद: एका गोलानेच जिंकलो, मग?

दादा, 'आपल्या महिला हॉकी संघाने बिहारमधल्या राजगीरचा अंतिम सामना एकाच गोलाने, म्हणजे नशिबाने जिंकला' हे काही पटलं नाही. समोर चीन होता, त्याच वर्षी पॅरिसला ऑलिम्पिक रौप्य मिळवलेला! दीपिकाने तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच पेनल्टी कॉर्नरवरून गोल केला आणि तेवढ्यावर 2024 ची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी राखली. स्पर्धेत तिचे एकटीचे 11 गोल. हेही नशीब?

खरी रड रांचीची. 2024 च्याच जानेवारीत तिथेच ऑलिम्पिक पात्रतेच्या सामन्यात जपानकडून 0-1 हरलो अन् पॅरिस हुकलं.

आमच्या भुसावळात वांग्याच्या भरताच्या पार्टीत क्रिकेटवर तासभर वाद चालतो. हॉकीचं नाव काढलं की सगळे भाकरी मोडायला लागतात.