जुने ऐतिहासिक फोटो मोफत आणि छापण्याजोगे कुठे मिळतात? (बालमजुरीवरच्या प्रदर्शनासाठी)

निळीशाई
नमस्कार मंडळी, शाळकरी मुलांसाठी भिंतीवर लावायचं एक प्रदर्शन करतेय, विषय आहे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यांत आणि खाणींत राबणारी मुलं. वीसेक फोटो हवेत, ए३ आकारात छापायचेत. आतापर्यंत सर्चमध्ये जे जे समोर आलं ते सेव्ह करत गेले, काल पहिली ट्रायल प्रिंट काढली आणि रडायचीच वेळ आली, चेहऱ्यांच्या जागी नुसते चौकोन. सूतगिरणीत मशीनपाशी उभी असलेली एक छोटी मुलगी आहे, त्या एका फोटोच्या मला चार कॉप्या मिळाल्या, चारही वेगवेगळ्या कापलेल्या, एकीवर वॉटरमार्क, एक रंगवलेली, आणि खाली लिहिलेलं साल प्रत्येकीचं वेगळं, एकीवर तर देशही वेगळा! तोच फोटो एका साइटवर विकायलाही ठेवलाय. खरं साल कोणतं हे कळायला काही मार्ग आहे का, आणि मोठ्या साइजचे फोटो फुकटात कायदेशीर मिळतात का? मुलांपुढे चुकीचं काही लावायचं नाहीये मला.

काचफलक
ताई, सेव्ह केलेलं सगळं आधी बाजूला ठेवा. फोटो जिथे दिसला तिथून उचलायचाच नाही, तो मुळात ज्या संग्रहात जपलाय तिथली त्याची नोंद शोधायची. साल, जागा, कोणी काढला, मोठी फाइल, हक्कांची स्थिती सगळं त्या एका पानावर असतं, आणि ती नोंद सापडेपर्यंत फोटो वापरायचा नाही हे मी तरी कटाक्षाने पाळतो.

तुमच्या वर्णनावरून फोटो लुइस हाइनचा असावा. हा माणूस १९०८ पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या संस्थेसाठी फोटो काढत अमेरिकेतल्या गिरण्या, खाणी, शेतं पालथी घालत होता, कधी इन्स्पेक्टर म्हणून आत शिरायचा तर कधी बायबल विकणारा म्हणून. तो सगळा साठा आता लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे (अमेरिकी संसदेचं ग्रंथालय) आहे, ५१०० हून जास्त प्रिंट आणि ३५५ काचेच्या निगेटिव्ह, आणि त्यांच्या प्रिंट्स अँड फोटोग्राफ्सच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मोफत बघता येतो, उतरवून घेता येतो, लॉगिनबिगिन काही लागत नाही.

शोधताना एक लक्षात ठेवा, आजचे शब्द टाकून अर्धंच हाती लागतं. कॅटलॉगमध्ये हाइनने स्वतः लिहिलेल्या ओळी आहेत, त्यामुळे त्याच्या काळचे शब्द टाका: भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावणारा पोरगा म्हणजे 'डॉफर', कोळशातले दगड वेचणारे 'ब्रेकर बॉइज', पेपर विकणारे 'न्यूजीज'. स्पेलिंग अर्थात इंग्रजीत टाकायचं.

आणि त्या ओळी वाचाच. एकीत आहे, सेडी फायफर, उंची ४८ इंच, सहा महिने झाले कामाला, लँकेस्टर कॉटन मिल्स, साउथ कॅरोलिना, ३० नोव्हेंबर १९०८. उंची कशी कळली? हाइन आपल्या कोटाची बटणं जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे पक्कं माहीत करून घ्यायचा, मूल शेजारी उभं राहिलं की बटणावरून अंदाज, आणि खिशात हात घालून गुपचूप टिपण. आजवर पाहिलेल्या सगळ्या फोटोओळींत मला ही सगळ्यात जास्त लागली, कारण मुलीचं वय विचारलं तर मालक खोटं सांगू शकतो, उंची कशी लपवणार?

नोंदीच्या पानावर कॉल नंबरने (संग्रहातला क्रमांक) शेजारच्या नोंदी बघायची लिंक असते, ती दाबून बघाच. त्याच गिरणीचे, त्याच दिवसाचे पुढचेमागचे फोटो समोर येतात आणि प्रसिद्ध एका फोटोभोवतीची अख्खी जागा दिसायला लागते.

शाईकागद
छपाईपुरतं सांगतो. ए३ म्हणजे साधारण ११.७ बाय १६.५ इंच. भिंतीवरचं असलं, दोन-तीन फुटांवरून बघायचं असलं तर २०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) पुरतं, म्हणजे लहान बाजूला २३४० आणि लांब बाजूला ३३०० पिक्सेल हवेत. तुम्ही सेव्ह केलेलं १०२४ पिक्सेलचं जेपेग २०० डीपीआयला जेमतेम पाच इंच होतं, चौकोन येणारच. पानावर डाउनलोडचे दोन-चार पर्याय दिसतील त्यातली सगळ्यात मोठी टिफ (जेपेगसारखी दाबून लहान न केलेली फाइल) घ्या, फाइल जड असते, येऊ द्या वेळ लागला तरी. ती तशीच ठेवून द्यायची आणि जे काय कापाकापी, उजेड कमीजास्त करायचं ते कॉपीवर. आणि फाइलच्या नावातला नंबर पुसू नका, नाव बदललंत तरी नंबर राहू द्या, नाहीतर महिन्याभराने तो फोटो पुन्हा शोधत बसाल.

निळीशाई
बापरे, इतकं सगळं! खूप आभार दोघांचेही. दोन शंका. 'नो नोन रिस्ट्रिक्शन्स' लिहिलंय म्हणजे बिनधास्त छापायचं का? आणि मुलांना रंगीत फोटो जवळचे वाटतात, तर ती रंगवलेली कॉपी चालेल का, त्यात चेहराही जास्त स्पष्ट दिसतोय.

सनावळी
पहिल्या शंकेचं. 'नो नोन रिस्ट्रिक्शन्स' म्हणजे आमच्या माहितीत तरी कुणाचा हक्क नाही, संस्था हमी घेत नसते, पण हाइनच्या या फोटोंना प्रदर्शनात लावायला अडचण नाही. दुसरीकडे मात्र प्रत्येक वेळी वाचा. 'कॉपीराइट नॉट इव्हॅल्युएटेड' असं दिसलं तर ती परवानगी नव्हे, कुणी तपासलेलंच नाही एवढाच अर्थ. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, फोटो वापरायला आधीच दिलेली परवानगी; त्यातलं सीसी झिरो असेल तर मोकळं. सीसी बाय असेल तर नाव देणं बंधनकारक, उदाहरणार्थ जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्हने (सरकारी अभिलेखागार) २००८ च्या डिसेंबरमध्ये ८० हजारांहून जास्त फोटो विकिमीडिया कॉमन्सवर दिले ते सीसी बाय-एसए लायसन्सवर, म्हणजे नाव द्यायचं आणि बदल करून पुढे दिलंत तर त्याच अटींवर. तिथे आणखी एक जपायचं, जुन्या मूळ ओळी तशाच ठेवल्यात, त्यात नाझी काळातला प्रचारही आहे, म्हणजे ओळ मूळची आहे एवढ्यावर ती खरी ठरत नाही.

विकणाऱ्या साइटबद्दल, कॉपीराइट नसलेला फोटोही कुणी विकू शकतं, त्याला बंदी नाही. पैसे मागितले म्हणजे हक्क त्यांचाच असं धरू नका.

अमेरिकेबाहेरचंही हवं असेल तर युरोपीयाना बघा, युरोपभरच्या म्युझियम, ग्रंथालयांच्या नोंदी एका जागी शोधता येतात, वापरायला मोकळं काय ते वेगळं गाळून घेता येतं. ऑस्ट्रेलियासाठी ट्रोव्ह. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१६ मध्ये १ लाख ८० हजारांवर पब्लिक डोमेन (कॉपीराइट नसलेल्या) वस्तूंच्या मोठ्या फाइल मोकळ्या केल्या, तिथे हाइनही आहे. आणि फ्लिकरवरचं 'द कॉमन्स' विसरू नका, जानेवारी २००८ ला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तीनेक हजार फोटोंनी सुरू झालं, लोक खाली प्रतिक्रियांत दुकानाच्या पाट्या वाचून, जुने पेपर धुंडाळून माणसं आणि जागा ओळखून देतात आणि संस्था तपासून आपल्या नोंदी दुरुस्त करतात.

काचफलक
रंगवलेल्याबद्दल मी कळकळीने नको म्हणेन. त्या काळच्या बऱ्याच काचेच्या निगेटिव्हना लाल रंग जवळपास दिसायचाच नाही, लाल फ्रॉक काळपट उमटायचा आणि निळं आभाळ पांढरंफट्ट. म्हणजे करड्या छटेवरून मूळ रंग निघत नाही, रंगवणाऱ्याने किंवा सॉफ्टवेअरने तो आपल्या मनाने भरलेला असतो. स्पष्ट चेहऱ्याचं तर त्याहून वाईट, एआयने 'सुधारलेला' चेहरा म्हणजे नवा बनवलेला चेहरा, डोळे-ओठ त्या मुलीचे नसतातच. ती सेडी खरोखरची मुलगी होती हो, तिच्या जागी दुसरीच कुणी लावल्यासारखं होतं ते.

खरे रंग दाखवायचेच असतील तर त्याच कॅटलॉगमध्ये प्रोकुदिन-गोर्स्की शोधा. रशियन साम्राज्यात १९१५ च्या आसपासपर्यंत त्याने लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून एकापाठोपाठ तीन फोटो घेऊन रंगीत चित्रं केली. १९०२ काचा (साल नव्हे, संख्या!) लायब्ररीने १९४८ मध्ये त्याच्या वारसांकडून विकत घेतल्या. नदीचा फोटो पूर्ण मोठा करून बघा, वाहत्या पाण्यावर लाल-हिरव्या-निळ्या रेघा सुटलेल्या दिसतील, तीन फोटो होईपर्यंत पाणी पुढे सरकलेलं असतं ना. मुलांना हे समजावून सांगितलं की आवडतं.

शाईकागद
+१, रंगवलेलं नको. आणि काचेच्या निगेटिव्हचा स्कॅन असला तर तो कधीकधी उलटा पडलेला असतो, फोटोत पाटी किंवा घड्याळ असेल तर वाचून बघा छापायच्या आधी.

निळीशाई
सापडली!! सेडीच आहे ती. माझ्या चारही कॉप्यांत साल चुकीचं होतं. कापाकापीत मशीनचा बराच भाग गेला होता, मूळ फोटोत चात्यांची रांग पार मागेपर्यंत गेलीय आणि तिच्यापुढे ती केवढीशी दिसते. टिफ उतरवली, शेजारच्या नोंदी उघडून त्याच गिरणीतले अजून काही घेतले. प्रत्येक फोटोखाली हाइनची ओळ मराठीत, मग त्याचं नाव, संग्रह, लायब्ररी आणि नंबर असं लावतेय. रंगवलेले सगळे डिलीट केले.

आणि सेडीच्या फोटोशेजारी भिंतीवर जमिनीपासून ४८ इंचांवर खडूने एक रेघ मारणार आहे, येणाऱ्या प्रत्येक मुलाला तिच्याजवळ उभं राहून बघता येईल.